दात गेला, मागोमाग हाडही गेलं: इम्प्लांटआधीच्या ग्राफ्टबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात इम्प्लांटवर लिहिलं होतं, म्हणजे पडलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवून त्यावर दात चढवतात त्याबद्दल, आणि त्यात शेवटी जाता जाता एक ओळ होती की काही जणांना आधी हाड वाढवून घ्यावं लागतं, म्हणजेच ग्राफ्ट. त्या एका ओळीवरच इतकी पत्रं आणि मेल आले की या वेळचं अख्खं सदर त्यालाच दिलंय. सगळ्यांना उत्तर देता आलं नाही, पण सारखे प्रश्न एकत्र केलेत.

माझी खालची दाढ सहा वर्षांपूर्वी काढली, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते की नंतर कधीपण बसवता येईल. आता गेले तर सांगतात हाडच उरलं नाही, आधी ग्राफ्ट करा. हाड असं कसं जाईल? मी दूध, नाचणी सगळं घेते, कॅल्शियमच्या गोळ्यापण चालू आहेत. (एक वाचक, सांगली)

ताई, तुमच्या खाण्यात काही चुकलं नाहीये, ते आधी मनातून काढून टाका. जबड्याचा जो काठ असतो, ज्यात दात रोवलेले असतात, तो काठ दातासाठीच तयार होतो आणि दात आहे तोवरच नीट टिकतो. आपण चावतो तेव्हा दाताच्या मुळाभोवती जे बारीक तंतू असतात त्यांच्यातून तो ताण हाडाला मिळतो, आणि हाड काही दगड नाही, ते रोज थोडं झिजतं आणि रोज थोडं नवीन बनतं. दात काढला की ताण गेला, तंतू गेले, त्या तंतूंच्या बाजूने येणारं रक्तही गेलं, मग झिजणं चालू राहतं आणि बनणं मागे पडतं. हे त्या जागेपुरतं असतं म्हणून कॅल्शियमच्या गोळीने थांबत नाही.

आणि हे फार पटकन होतं. दात काढल्यावर पहिल्या ६ महिन्यांत त्या जागेची रुंदी एक तृतीयांश ते अर्ध्याहून जास्त कमी होऊ शकते, त्यातलाही मोठा भाग पहिल्या ३ महिन्यांतच जातो. उंची त्या मानाने कमी जाते. सगळ्यात आधी गालाकडची आणि ओठाकडची भिंत जाते कारण ती मुळातच पातळ, समोरच्या दातांपाशी तर बऱ्याच लोकांत ती १ मिलिमीटरसुद्धा नसते.

आता स्क्रूचा हिशोब बघा. नेहमीचा इम्प्लांट साधारण ४ मिलिमीटर जाड असतो आणि त्याच्या चारही बाजूंनी किमान १ ते दीड मिलिमीटर हाड लागतं, म्हणजे ६-७ मिलिमीटर रुंदी हवी. खालच्या जबड्यात आतून एक नस जाते, ओठाला आणि हनुवटीला जाणीव देणारी, तिच्यापासून २ मिलिमीटर लांब राहायचं असतं. तुमच्या पत्रात फक्त ओपीजी काढल्याचं लिहिलंय, म्हणजे तो पूर्ण जबड्याचा मोठा एक्स-रे, त्यात उंची दिसते पण रुंदी दिसत नाही. रुंदीसाठी सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा थ्रीडी स्कॅन लागतो. तो न काढता कोणी ग्राफ्ट लागेल किंवा लागणार नाही असं ठाम सांगत असेल तर आधी स्कॅन मागा.

एक गोष्ट मला आवर्जून सांगायचीय कारण जवळजवळ सगळ्याच पत्रांत हा गैरसमज आहे. ग्राफ्ट म्हणजे भिंतीतलं भोक सिमेंटने बुजवल्यासारखं नाही. जे दाणे भरतात ते म्हणजे इमारतीला बांधतात ती परांची. त्या दाण्यांच्या फटीफटीतून तुमच्याच रक्तवाहिन्या शिरतात, तुमच्याच पेशी येतात आणि त्या नवीन हाड घालतात. डॉक्टर फक्त परांची बांधतो, बांधकाम तुमचं शरीर करतं, आणि त्याला ४ ते ६ महिने, कधी त्याहून जास्त लागतात. म्हणूनच पुढच्या प्रश्नांमध्ये मी सारखी रक्त, साखर आणि तंबाखूवर येणार आहे.

आमच्या घरात माळ आहे, अंडंसुद्धा येत नाही. क्लिनिकमध्ये नर्स सहज बोलून गेली की हाडाची पावडर गाईची असते. मी तशीच उठून आले. हे खरं आहे का? दुसरं काही नसतं का? (एक वाचक, पंढरपूरजवळून)

माऊली, उठून आलात ते समजू शकते, पण खरं तर हे तुम्हाला नर्सच्या तोंडून सहज कळायला नको होतं, डॉक्टरांनी समोर बसवून सांगायला हवं होतं. तोंडात काय घालणार आहेत ते विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे आणि त्यात लाजण्यासारखं काहीच नाही. डुकराच्या कोलॅजनबद्दल (कातडी-हाडातलं एक प्रथिन, ते कुठे वापरतात ते खाली येतंय) मुस्लिम वाचकांनीही असंच विचारलंय, त्यांनाही हेच उत्तर.

तर हो, खरं आहे, पण अर्धंच. ग्राफ्ट चार प्रकारचं असतं. पहिलं तुमचं स्वतःचं हाड, खालच्या जबड्याच्या मागच्या कोपऱ्यातून किंवा हनुवटीतून काढतात, फारच जास्त लागत असेल तर कंबरेच्या हाडातून. यात जिवंत पेशी असतात म्हणून डॉक्टर लोक याला सगळ्यात वरचं स्थान देतात, पण त्यासाठी दुसरीकडे जखम करावी लागते, आणि हेही हाड काही प्रमाणात विरघळतंच. दुसरं दुसऱ्या माणसाने दान केलेलं हाड. मुंबईत टाटा मेमोरियल हॉस्पिटलची टिश्यू बँक आहे, तिथे असं हाड प्रक्रिया करून सुकवतात आणि गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. तिसरं जनावराचं, बहुतेक वेळा गाय-बैल वर्गातल्या जनावराचं, स्वित्झर्लंडच्या गाइस्टलिख कंपनीचं बायो-ऑस हे त्यातलं जगभर वापरलं जाणारं नाव. यातला सगळा मांसल भाग, प्रथिनं काढून टाकलेली असतात, उरतो तो फक्त खनिजाचा सांगाडा, आणि तो फार हळू विरघळतो म्हणून आकार टिकवायला चांगला. चौथं पूर्णपणे प्रयोगशाळेत बनवलेलं, हायड्रॉक्सीअॅपेटाइट, ट्रायकॅल्शियम फॉस्फेट किंवा बायोअॅक्टिव्ह ग्लास, यात जनावर नाही, माणूस नाही.

तुमच्यासाठी चौथा प्रकार, किंवा तुमचं स्वतःचं हाड, किंवा दोन्हीचं मिश्रण. त्यात तुमच्याच हाताच्या शिरेतून रक्त काढून, ते मशीनमध्ये फिरवून जो जेलीसारखा थर मिळतो, ज्याला पीआरएफ म्हणतात, तो मिसळता येतो. त्याने जखम लवकर भरायला मदत होते, पण नुसत्या पीआरएफवर हाडाची जाडी वाढेल असं कोणी सांगत असेल तर तेवढ्यावर विसंबू नका. प्रामाणिकपणे हेही सांगते की भिंती शाबूत असलेला छोटा खड्डा भरायला बनवलेलं मटेरियल छान चालतं, पण जिथे काठ सुरीसारखा बारीक झालाय आणि बरीच रुंदी वाढवायचीय तिथे नुसत्या त्याच्यावर तितका भरवसा ठेवता येत नाही, तिथे स्वतःचं हाड मिसळणं बरं.

आणि एक गोष्ट बरेच डॉक्टर सांगायची विसरतात. दाण्यांवर एक पातळ पडदा घालतात, मेम्ब्रेन, कारण हिरडी वेगाने वाढते आणि हाड सावकाश, पडदा नसेल तर हाडाची जागा हिरडीच बळकावते. हा पडदा पुष्कळदा डुकराच्या नाहीतर गाईच्या कोलॅजनचा असतो. म्हणजे पावडर चालणारी निवडली आणि पडदा तसाच राहिला असं होऊ शकतं. कृत्रिम पडदेही मिळतात, त्यातले काही नंतर काढावे लागतात. तेव्हा विचारताना दोन्हीबद्दल विचारा, आणि पाकिटावर काय लिहिलंय ते दाखवा म्हणा.

बाबांची (वय ६६) वरची मागची दोन्ही बाजूंची दाढ गेलीय. डॉक्टर म्हणतात सायनस लिफ्ट करावी लागेल. नाकात भोक पडणार का अशी त्यांना भीती वाटतेय. आणि महिन्याभराने त्यांना भावाकडे ह्यूस्टनला जायचंय, तर त्याआधी उरकून घ्यावं का? (एक वाचक, नाशिक)

वरच्या दाढांच्या वर, गालाच्या हाडाच्या आत एक पोकळी असते, सर्दी झाली की जिथे जड वाटतं तीच. दाढ गेली की खालून हाड झिजतं आणि वरून ही पोकळी खाली सरकते, मधे कधी कधी ३-४ मिलिमीटरच हाड उरतं, त्यात स्क्रू धरायचा कशाला? म्हणून त्या पोकळीच्या तळाशी जो पापुद्रा असतो, कांद्याच्या आतल्या पापुद्र्याइतका नाजूक, तो हळूच वर उचलतात आणि त्याच्या खाली ग्राफ्ट भरतात. ही पद्धत अमेरिकेत १९७० च्या दशकात हिल्ट टेटम या डॉक्टरांनी सुरू केली आणि १९८० मध्ये बॉइन आणि जेम्स यांनी त्यावर पहिल्यांदा लेख छापला, म्हणजे हा काही नवा प्रयोग नाही. ५ मिलिमीटरहून जास्त हाड असेल तर बऱ्याचदा स्क्रूच्याच भोकातून थोडंसं वर उचलून भागतं, त्याहून कमी असेल तर बाजूने छोटी खिडकी करावी लागते.

नाकात भोक पडत नाही. पण पापुद्रा फाटू शकतो, ही यातली सगळ्यात जास्त होणारी अडचण आहे आणि ती चांगल्या हातांनाही येते. छोटी फाट असेल तर तिथेच कोलॅजनचा तुकडा लावून पुढे जातात, मोठी असेल तर थांबून, टाके घालून काही महिन्यांनी परत करतात. तसं सांगून थांबणारा डॉक्टर चांगला समजा.

ह्यूस्टनचं म्हणाल तर माझं स्पष्ट मत, जाऊन येऊ दे आणि मग करा. ऑपरेशननंतर दोन-तीन आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंकायची, स्ट्रॉने काही प्यायचं नाही, वजन उचलायचं नाही, आणि विमानात दाब बदलतो म्हणून प्रवास डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय नाही. त्यात तिकडे सूज आली, नाकातून दाणे आले, घाण वास यायला लागला तर बाबा कुणाला दाखवणार? तिथली दाताची बिलं काय असतात ते तुमच्या भावाला विचारा. हाड गेलंच आहे, अजून ६ महिन्यांनी फार फरक पडणार नाही. जायच्या आधी सर्दी-सायनसचा जुना त्रास असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना मात्र दाखवून घ्या.

सासूबाई रोज मिश्री लावतात, डायबेटिस पण आहे. त्या म्हणतात मिश्रीने दात घट्ट राहतात, आणि डॉक्टरांना सांगू नकोस. मी काय करू? (एक वाचक, बार्शी)

सांगा. आजच सांगा. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच आहे, आणि ती थेट हिरडीवर चोळली जाते, जिथे ग्राफ्ट करायचंय अगदी तिथेच. वर मी म्हटलं ना की दाण्यांमध्ये रक्तवाहिन्या शिरल्या तरच हाड बनतं, निकोटीन त्याच रक्तवाहिन्या आकसून टाकतं. मग जखम उघडी पडते, दाणे बाहेर येतात, पू होतो, आणि पैसे तर गेलेच पण आधी होतं तेवढंही हाड राहत नाही. माझ्याकडे गावाकडून येणाऱ्या कितीतरी बायका हेच सांगतात की दात घट्ट राहतात म्हणून लावते. तंबाखूने हिरडीचं रक्त कमी होतं, म्हणून रक्त येणं थांबतं, आणि बाईला वाटतं हिरडी बरी झाली. आतून हाड जातच असतं. फार वाईट वाटतं मला हे बघून, कारण त्यांना कुणी रागावून सांगितलेलं असतं पण समजावून कुणीच सांगितलेलं नसतं.

ऑपरेशनच्या आधी निदान दोन आठवडे आणि नंतर दोन महिने मिश्री पूर्ण बंद, हे कमीत कमी, खरं तर कायमची. गुटखा खाणाऱ्यांसाठी अजून एक, महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे तरी खाल्ला जातोच, त्याने तोंड उघडणंच कमी होत जातं, दोन बोटं जेमतेम शिरतील इतकं, मग मागच्या दाढेपर्यंत हत्यार पोचायलाच जागा नसते.

साखरेचं म्हणाल तर नुसती सकाळची उपाशीपोटीची नको, तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी करा. ७ च्या आसपास असेल तर बहुतेक डॉक्टर पुढे जातात, ८ च्या वर असेल तर आधी ती खाली आणा. आणि सासूबाईंना सांगा की दात हवाय म्हणूनच सांगतोय.

हाडं ठिसूळ झाल्यामुळे मला आठवड्यातून एक गोळी चालू आहे, मैत्रिणीला वर्षातून एकदा सलाइनमधून इंजेक्शन देतात. आम्हाला ग्राफ्ट चालेल का? की आधी औषध बंद करायचं? (एक वाचक, ठाणे)

स्वतःच्या मनाने काहीही बंद करू नका, हे पहिलं. तुमची गोळी बहुधा अॅलेन्ड्रोनेट असेल, मैत्रिणीचं इंजेक्शन झोलेड्रॉनिक अॅसिड. ही औषधं हाडाची झीज थांबवतात, पण जबड्यात नवीन हाड बनायला आधी जुनं थोडं झिजावं लागतं, त्यामुळे क्वचित काही जणांत जबड्याचं हाड उघडं पडून भरतच नाही. हे पहिल्यांदा २००३ मध्ये नोंदवलं गेलं. ठिसूळ हाडांसाठीच्या डोसमध्ये हा धोका कमी असतो, किती वर्षं चालू आहे त्यावर वाढतो, आणि कॅन्सर हाडात पसरलाय म्हणून मोठ्या डोसमध्ये हेच औषध चालू असेल तर तिथे मी ग्राफ्ट-इम्प्लांटचा विचारही करणार नाही. डेनोसुमॅब नावाचं सहा महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन असेल तर ते चुकवलं की मणक्याचं फ्रॅक्चर होऊ शकतं, म्हणून त्याच्या तारखेशी अजिबात खेळायचं नाही. तुमचे दाताचे आणि हाडांचे डॉक्टर, दोघांना एकमेकांशी बोलायला लावा, नुसती चिठ्ठी नको, फोन.

ग्राफ्ट करून चार दिवस झाले, थुंकीत रव्यासारखे पांढरे दाणे येतायत. सगळं वाया गेलं का? (एक वाचक, रत्नागिरी)

नाही. पहिल्या काही दिवसांत चार-दोन दाणे येतातच. जोरात चुळा भरू नका, पाणी तोंडात घेऊन मान हलवा आणि हळूच सोडून द्या, जिभेने चाचपू नका, मऊ भात, मुगाची खिचडी कोमट करून दुसऱ्या बाजूने खा. पण टाका सुटून खड्डा दिसायला लागला, रोज चमचाभर दाणे यायला लागले, ताप आला किंवा सूज तिसऱ्या दिवसानंतर उतरायच्या ऐवजी वाढली तर थांबू नका, त्याच दिवशी दाखवा.

एक डॉक्टर म्हणतात ग्राफ्ट करा, मग सहा महिने थांबा, मग इम्प्लांट. दुसरीकडे सांगतात ग्राफ्टची गरजच नाही, तीन दिवसांत पक्के दात देतो. कोण खोटं बोलतंय? (एक वाचक, इंदूर)

कदाचित कोणीच नाही. थांबण्याची पद्धत मुळात स्वीडनच्या ब्रोनमार्क यांची, त्यांनी १९६५ मध्ये पहिल्या माणसाला इम्प्लांट बसवले, आणि खाली ३ महिने, वर ६ महिने स्क्रूला हात न लावता हाडात रुजू द्यायचं असा त्यांचा नियम होता. नंतर पर्याय वाढले. सगळेच दात गेले असतील तर पुढच्या भागातल्या चांगल्या हाडात चार स्क्रू, मागचे दोन तिरके बसवून, ग्राफ्ट टाळता येतं. उंची कमी असेल तर ६ मिलिमीटरचे आखूड इम्प्लांट असतात. वर अगदीच काही उरलं नसेल तर गालाच्या हाडात लांब स्क्रू बसवतात, पण ते मोजक्याच प्रशिक्षित सर्जननी करायचं काम.

पण तुमचा तर समोरचा एकच दात गेलाय असं तुम्ही लिहिलंय. तिथे प्रश्न नुसता स्क्रू धरण्याचा नाही, ओठाकडचं हाड बसलेलं असेल तर हिरडीही बसते आणि दात लांबच लांब दिसतो, हसताना रोज आरशात दिसेल. तिथे मी थांबेन आणि ग्राफ्टच करेन. शेजारचे दोन दात आधीच कॅप लावलेले असतील तर ब्रिज, म्हणजे त्या दोन दातांच्या आधाराने मधला दात लावणं, हासुद्धा चांगला पर्याय आहे, त्यात कमीपणा काही नाही. दोघांनाही एकच विचारा, स्कॅनवर माझं हाड किती मिलिमीटर आहे ते मोजून दाखवा. आणि खर्च लेखी घ्या, ग्राफ्ट वेगळं, पडदा वेगळा, स्क्रू वेगळा, वरचा दात वेगळा, कारण नंतरची भांडणं सगळी इथेच होतात. खाजगीत झेपत नसेल तर सरकारी डेंटल कॉलेजमध्ये चौकशी करा. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे आहेत, तुम्हाला तर इंदूरमध्येच आहे.

पुढच्या आठवड्यात माझी तुटलेली दाढ काढायचीय. इम्प्लांट लगेच करायला पैसे नाहीत, वर्षभराने करेन. आत्ता काही विचारून ठेवू का? (एक वाचक, सातारा)

या सगळ्या पत्रांत दात काढायच्या *आधी* आलेलं हे एकच पत्र, आणि मला फार बरं वाटलं. माझ्या वडिलांची दाढ मी स्वतः काढली होती, नुकती पास झाले होते, दाढ निघाली याचाच आनंद, मागे काय उरलं ते बघितलंच नाही. दोन वर्षांनी त्यांना इम्प्लांट करायचं ठरलं तेव्हा तिथे सुरीच्या पात्याएवढा काठ होता आणि त्यांना मोठं ग्राफ्ट करावं लागलं. दाढ काढली त्याच दिवशी खड्डा भरला असता तर बरंच वाचलं असतं.

तर डॉक्टरांना सांगा की पुढे इम्प्लांट करायचंय. मग ते दाढ हिसडून न काढता मुळं वेगळी करून, गालाकडची भिंत न तोडता काढतील. त्याच वेळी खड्ड्यात ग्राफ्ट भरून वर पडदा लावता येतो, याला सॉकेट प्रिझर्व्हेशन म्हणतात, आणि नंतरच्या मोठ्या ग्राफ्टपेक्षा हे काम बरंच छोटं. झीज पूर्ण थांबत नाही, कमी होते. प्रत्येकाला लागतंच असंही नाही, भिंती जाड आणि शाबूत असतील तर नुसत्या रक्ताच्या गाठीवरही खड्डा चांगला भरतो, आणि पू असेल तर आधी जागा साफ होऊ द्यावी लागते, ते काढतानाच कळेल. वर्षभर थांबणार आहात म्हणून हळू विरघळणारं मटेरियल बरं पडेल का ते विचारा. दाढ काढायच्या आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही एक्स-रे मागून घ्या, ग्राफ्ट भरलं तर पाकिटावरचं स्टिकरही, आणि सगळं एका फाइलमध्ये ठेवा. वर्षाने दुसऱ्या गावात, दुसऱ्या डॉक्टरकडे गेलात तरी आत काय आहे ते त्यांना कळेल.